मागच्या सीटवर कोणी बसल्यास

२ जून
नव्या स्प्रिंग बसवल्या. स्वतः. पार्किंगमध्ये, दोन जॅक आणि एका व्हिडिओच्या जोरावर. गाडी आता जमिनीला चांगली चार बोटं जवळ आली आहे. बायकोने बाल्कनीतून बघितलं आणि पंक्चर झाली का, असं विचारलं. दृष्टी सगळ्यांनाच नसते.

पंधरा तारखेला लेकीला हॉस्टेलवर सोडायचं आहे. पहिल्यांदाच घर सोडून राहणार. सात तासांचा रस्ता, सगळं सामान, आम्ही तिघं. मीच सोडणार, हा तिला कधीपासून शब्द दिलेला आहे. वळणांवर तिला मळमळतं. म्हणून तर हा खटाटोप. या स्प्रिंगने गाडी वळणावर कलत नाही, असं व्हिडिओतला माणूस छातीठोकपणे सांगत होता.

४ जून, सकाळी
स्प्रिंग बदलल्यावर टायर मडगार्डला आतून घासत नाही ना, हे तपासायचं असतं. याला रबिंग चेक म्हणतात. बाकीचे लोक अंदाजपंचे चालवतात, मी शास्त्रशुद्ध करणार. मडगार्डच्या आत बायकोची टाल्कम पावडर फासली. पुसली जाईल तिथे घासतंय. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कॉलनीला एक चक्कर मारली. पावडर जशीच्या तशी! टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटं आरामात जातात. पास.

रात्री
पावडरचा डबा रिकामा कसा, यावर घरात चर्चा झाली. माझ्याकडे ऐकण्याचं काम होतं.

५ जून
लेकीने शंका काढली. रिकाम्या गाडीत तपासून काय उपयोग, मागे माणसं बसली की गाडी दबणार नाही का? मी हसलो. जेवताना हसू ओसरलं.

७ जून
लोड टेस्ट. लोड म्हणून सासू-सासरे. फिरवून आणतो म्हणालो, तर दोघं इस्त्रीचे कपडे घालून हजर. टेस्टच्या दृष्टीने सासरेबुवांचा देह आदर्श आहे. पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून खर्रर्र. सासूबाई दचकल्या. म्हटलं, रस्ते बघा कसे करून ठेवलेत. दर स्पीडब्रेकरनंतर मी उतरून टॉर्चने चाकामागे बघत होतो. शेवटी सासरेबुवांनी विचारलं की आपण नक्की कुठे चाललोय. तोवर आम्ही कॉलनीच्या बाहेरही पडलो नव्हतो.

मागची पावडर साफ पुसलेली. पण वारा फार होता.

८ जून
वारा नव्हता, हे मान्य. पण दोष स्प्रिंगचा नाही. सासरेबुवा धपकन बसतात.

१० जून
बायकोला वजन विचारलं. निव्वळ तांत्रिक कारणासाठी. तेव्हापासून बोलणं बंद, निरोप लेकीमार्फत. पहिलाच निरोप आला की जुन्या स्प्रिंग परत बसवा. त्या मी नव्या बसवल्या त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. परतीचे दोर कापले की माणूस जोमाने लढतो. उलट निरोपात हे काही घातलं नाही.

१२ जून
मडगार्डची कडा हातोडीने ठोकली. व्हिडिओत ती वर दुमडते. माझी आत गेली. उजवीकडे आता जेमतेम एक बोट जातं, डावीकडे अडीच. सरासरी उत्तम.

१३ जून
सामानाचा नवा प्लॅन. गादी कुरिअरने. बायको पुढे, पुस्तकांचं खोकं तिच्या मांडीवर. लेक मागे, बरोबर मध्यभागी, एकटी, शक्यतो न हलता. लेकीने सगळा प्लॅन शांतपणे ऐकून घेतला. मग विचारलं की ती गाडीत बसली तर चालेल ना. टोमणा नव्हता. पोर खरंच विचारत होती.

मी म्हणालो, हळू बसलीस तर.

असं का म्हणालो, कोण जाणे.

१४ जून
मागच्या टायरवर बोटभर रुंद चर पडलाय. सुरुवातीला एवढी झीज व्हायचीच. स्टेपनी लावली.

लेकीने टॅक्सी बुक केली आहे. सामान धरून दोघींपुरतीच जागा. मी मागून येतो म्हणालो. बायकोचा लेकीमार्फत निरोप : कशाला?

१५ जून, हॉस्टेलच्या गेटबाहेर
प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका, एकेक चाक चढवत घेतला. तासाभरातच टॅक्सी दिसेनाशी झाली. लेकीचे फोन येत होते, कुठवर आलास. दर वेळी सांगितलं, आलोच.

पोहोचलो तर गेट बंद. बायको रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत उभी होती. आज थेट बोलली. म्हणाली, आत बोलावत होते तरी पोर जायला तयार नव्हती. बाबा येईल म्हणून गेट लागेपर्यंत इथेच उभी होती. मी विचारलं, वाटेत मळमळलं का? नाही म्हणे. टॅक्सीत छान झोप लागली तिला.

मला रडू आलं. बायकोला दिसू नये म्हणून टॉर्च काढून चाकामागे वाकलो आणि बराच वेळ तपासत राहिलो. एवढ्या रस्त्यात गाडी एकदाही घासलेली नाही. रिकामी होती.