आबांचा नंबर

प्रकाशा, २० फेब्रुवारी

ति. सौ. कामिनीताईस,
धाकट्या हेमकांतचा शि. सा. न. वि. वि.

फोन लावला की तुझ्या पोल्ट्रीतल्या कोंबड्याच तुझ्याआधी बोलतात आणि मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे कागद घेऊन बसलो आहे. घरात एवढे स्क्रीन असताना मी पेन शोधत फिरतोय, हे बघून तुझी भावजय मयूरी हसून हसून बेजार झाली.

ताई, झाडू मारणारं यंत्र घेतलं! तव्यासारखं गोल, भिंतीला लागलं की आपणहून वळतं. पहिल्याच दिवशी ते ओसरीवर वाळत घातलेल्या मिरच्यांत घुसलं आणि सगळा खकाणा घरभर फिरवून आलं. आम्ही शिंकून शिंकून हैराण. मायसुद्धा पदर नाकाला लावून हसली, म्हणून मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. बोलणारा स्पीकरही आणला आहे. त्याला पपईचा भाव विचार, पावसाचं विचार, न कंटाळता सांगतो. माय मात्र त्याच्याशी अजून एक शब्द बोललेली नाही.

आता खरी बातमी. मळ्यातल्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला! डब्यात सिमकार्ड असतं. आपण त्या नंबरला फोन लावायचा, डबा स्वतःच उचलतो, मोटर सुरू होते आणि एक बाई स्वच्छ आवाजात सांगते की मोटर चालू झाली आहे. पुन्हा लावला की बंद. रात्री लाइट आली रे आली की आबा कंदील घेऊन मळ्यात धावायचे ते आठवतं ना? मी आता खाटेवर पडल्या पडल्या तापीचं पाणी शेतात आणतो. काय सांगू तुला, पहिल्यांदा मोटर सुरू झाली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

डब्यात आबांचं सिम घातलं आहे. ते जाऊन वर्ष होत आलं. नंबर नुसता पडून राहिला तर कंपनी तो दुसऱ्या कोणाला देऊन टाकते, आणि ते मला सोसलं नसतं. मायला यातलं काही सांगितलं नाही, उगाच डोळ्यांत पाणी येईल. पण हौस म्हणून घरातल्या सगळ्यांचे नंबर डब्याला ओळखायला लावले आहेत, मायच्या बटणवाल्या फोनचासुद्धा.

दाजींना नमस्कार. माया आहे ती तशीच असू द्यावी.

तुझा,
हेमकांत


नवापूर, १ मार्च

चि. हेमकांत यास,
कामिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींना मोठ्याने वाचून दाखवलं. मिरच्यांपर्यंत आले आणि त्यांचा चहा नाकातून आला. तुझ्या त्या तव्याला आमच्या शेडमध्ये पाठव म्हणतात, कोंबड्या त्याला दोन दिवसांत सुधारतील.

पण हेमू, तुझ्या पत्रात यंत्रं किती आणि माय किती, हे तूच एकदा बघ. ती जेवते का? झोपते का? आबा गेल्यापासून ती आपणहून किती वाक्यं बोलली? स्पीकरशी बोलत नाही म्हणून तुला नवल वाटतं, मला तर ती माणसांशी बोलत नाही याची धास्ती आहे. तू दिवसभर शेतात, मयूरी बालवाडीत, आणि ती म्हातारी बाई तू भिंतीवर बसवलेल्या कॅमेऱ्याच्या राखणीत.

म्हणून स्पष्टच लिहिते. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी येईन तेव्हा परत जाताना मायला बरोबर घेऊन जाईन, कायमची. खोली झाडूनपुसून तयार ठेवली आहे. राग मानू नकोस. तू वाईट मुलगा आहेस असं माझं म्हणणं नाही, तू घाईतला मुलगा आहेस.

मयूरीला गोड आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी,
ताई


प्रकाशा, १८ मार्च

ति. सौ. कामिनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. मायला न्यायचं म्हणतेस, पण आबांपाठोपाठ तीही या घरातून गेली तर मी संध्याकाळी कोणाला हाक मारत ओसरी चढू? तुझ्यापाशी ती सुखात राहील हे मला कळतं. तरी नको नेऊस. हल्ली ती बरी जेवते, दुपारचं ताट पुसून ठेवते. मयूरीला विचार हवं तर.

इकडे एक विलक्षण प्रकार चालू आहे. मोटर आपोआप सुरू होते! होळीच्या आधीपासून पाहतोय, दुपारी मी शहाद्याला किंवा सोसायटीत असलो की हमखास. पाणी वाहत राहतं. पपईच्या दोन ओळी पिवळ्या पडल्या, बुंध्याशी पाणी साचलं की मुळं कुजतातच. शेजारच्या भरतभाऊंच्या कापणीला आलेल्या गव्हात पाणी गेलं. ते फावडं घेऊन एकटेच पाणी बाहेर काढत होते, ते मला फार लागलं.

पण ताई, असा चकवा मला आजवर कुठल्या यंत्राने दिला नव्हता! डबा बदलून पाहिला. कंपनीला फोन केला, तिथल्या मुलाने डबा बंद करून चालू करायला सांगितलं. मोबाईलमधल्या त्या हुशार सहायकाला विचारलं, त्याने फार नम्रपणे ढीगभर कारणं दिली आणि एकही लागू पडलं नाही. आता शेवटचा उपाय, उद्यापासून डबा फक्त माझा नंबर ओळखेल. बाकीचे सगळे काढून टाकतो.

उत्तर लवकर पाठव आणि नाही म्हणू नकोस. धाकट्यावर कृपा असू दे.

तुझा,
हेमकांत


नवापूर, २४ मार्च

चि. हेमकांत यास,
अनेक आशीर्वाद.

लाखमोलाचं पीक डब्याच्या नादात बुडवू नकोस. ज्याला आपली मोटर कोण चालू करतं ते कळत नाही, त्याच्या भरवशावर मायला मी कशी ठेवू? माझा विचार बदललेला नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी येते. तिची लुगडी एका पेटीत भरून ठेवायला मयूरीला सांग.

तू रडशील हे मला माहीत आहे. मीही सासरी जाताना रडले होते, तेव्हा तू माझ्या पाटल्या धरून ठेवल्या होत्यास. तेवढ्याने कोणी थांबत नाही रे.

तब्येतीला जप.

तुझी,
ताई


प्रकाशा, २ एप्रिल

ति. सौ. कामिनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोटर कोण चालू करत होतं ते सापडलं. हे तुला सांगितलं तर तुझाच पक्ष बळकट होईल, तरी लपवणार नाही.

मी नंबर काढले आणि मोटर शहाण्यासारखी वागू लागली. मी खुशीत. पण त्याच दिवसापासून मायने जेवण टाकलं. मयूरीने किती विनवलं, ती नुसती भात चिवडायची. परवा दुपारी मी मुद्दाम घरी आलो तर माय परसात, कडुनिंबाखाली उभी. हातात तिचा फोन, पुन्हा पुन्हा बटण दाबत होती. मला बघून म्हणाली, “हेमू, तुन्हा आबाना फोन काबर लागत नही?”

मी तिथेच जमिनीवर बसलो, ताई. तीही शेजारी बसली आणि जेवढं वर्षभरात बोलली नसेल तेवढं बोलली. मला म्हणाली की घाबरू नकोस, मी काही भ्रमिष्ट झालेले नाही. ते गेले हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? आबा शेतात असले की जेवायची वेळ झाल्यावर ती त्यांना फोन लावायची. एके दिवशी तिला फार आठवण आली, आणि कोणी उचलणार नाही हे माहीत असूनही तिने नंबर लावला. आणि तो उचलला गेला! पलीकडून एक बाई बोलली. त्या बाईचा तिला आधी भलताच राग आला, हे सांगताना ती लाजली. पण तेवढ्यात मळ्यातून मोटरीचा आवाज आला. तो आवाज आला म्हणजे ते मळ्यात आहेत असं वाटतं, आणि मग घास उतरतो. सिमचं, डब्याचं तिला पुढे मयूरीकडून कळलं होतं, पण आपण फोन लावतो हे तिने मयूरीला सांगितलं नव्हतं. तरी ती रोज लावत राहिली.

तिचा नंबर मी त्याच मिनिटाला परत घातला. तिने लावला, मोटर घरघरली, आणि माय उठून भाकर वाढून घ्यायला गेली.

आणि आता ऐक मी काय केलं ते! पपईकडे जाणारं पाणी एका झडपेने तोडलं आणि दुपारचं पाणी पाइपाने थेट रस्त्याकडेच्या गुरांच्या हौदाकडे नेलं. डब्याला घड्याळ जोडलं, हौद भरायला लागतो तेवढा वेळ झाला की मोटर आपोआप बंद. आजवर जोडलेल्या सगळ्या वस्तूंत ही मला सर्वांत जास्त आवडली. भरतभाऊंचे बैल काल त्या हौदावर पाणी पिऊन गेले आणि भरतभाऊ हसून गेले.

लुगडी पेटीत भरलेली नाहीत. तू येशील तेव्हा तूच ठरव. मी आड येणार नाही.

तुझा,
हेमकांत


नवापूर, ५ मे

चि. हेमकांत यास,
तुझ्या ताईचे, आणि यावेळी दाजींचेही, अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. एकटीच उतरलेली बघून दाजींनी झाडलेल्या खोलीत गुपचूप खाद्याची पोती ठेवून दिली.

तिथे असताना तुझ्याशी मोकळेपणी बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. आखाजीला मायने आबांच्या नावाने घागर भरली, तिच्यावर डांगराचं पिकलं फळ ठेवलं, आणि नैवेद्य दाखवून झाल्यावर मला परसात घेऊन गेली. फोन लावून माझ्या कानाला धरला. ती बाई बोलली, मळ्यातून आवाज आला, आणि हेमू, मला हसूही आलं आणि रडूही. तरी मी माझा हेका सोडला नाही. म्हटलं, माय, फोन नवापूरहूनही लागतो, तिथून रोज लाव. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान झाले. म्हणाली, “फोन लागी बेटा. पन तठे मोटरना आवाज कसा यी?”

मी फोन तिच्या हातात परत दिला. याचं उत्तर तुझ्या कुठल्या स्पीकरलाही देता आलं नसतं.

मायला मी तुझ्याकडे ठेवून आले नाही. ती आबांकडे राहिली आहे, तू तिला सांभाळ. मी तुला घाईतला म्हटलं होतं ते मागे घेते. तुझ्या त्या तव्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, निघायच्या दिवशी त्याने माझी चप्पल अंगणाच्या पायरीपर्यंत नेली.

निघण्याआधी मयूरीकडून डब्याचं एक काम तुला न सांगता करून घेतलं. रागावू नकोस. काल दुपारी हौद दोनदा भरून रस्त्यावर पाणी आलं असेल. डब्यात बिघाड झाला म्हणून तू कंपनीला फोन लावत बसशील, तो लावू नकोस. इथे मला कोंबड्यांशिवाय काही ऐकू येत नाही. तरी दुसरा फोन माझा होता.

तुझी,
ताई