बिनगजांचा खांब

२ फेब्रुवारी
मुलगी बदली होऊन परत इथेच येतेय. सोबत सहा महिन्यांची नात. म्हणून घराला लागून चार खांबांवर नवी खोली. ड्रॉइंग मुलीनेच पाठवलं, ती इमारतींचीच इंजिनिअर आहे. पाहिलं. खांबात किती ते गज! खांब आहे की पिंजरा? उद्या समज देतो.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
फोनवर समज दिली. मुद्देसूद. भार वरून खाली येतो, खांब नुसता दाबला जातो, आणि दाबाला काँक्रीट पुरून उरतं. मग लोखंड कशाला? जन्मभर शाळेत भूमिती शिकवली आहे मी.
ती म्हणाली, बाबा, भार कागदावर सरळ येतो, घरात नाही. जरा बाजूला सरकला की खांब वाकतो, एका अंगाने ताणला जातो, आणि ताण काँक्रीटला सोसत नाही. शिवाय सततच्या ओझ्याखाली काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू आखडतं आणि आपला भार गजांवर ढकलतं. गज अगदीच मोजके असले तर तेच हात टेकतात. म्हणून ओझं हलकं असलं तरी कमीत कमी एवढं लोखंड हवंच.
विचारलं, कमीत कमी म्हणजे किती? म्हणाली, खांबाच्या छेदात शंभरातला एक भागसुद्धा नाही.
मी म्हटलं, मग एवढ्याशा गोष्टीवरून वाद का घालतेस?
तिने फोन आईला द्यायला सांगितला.

५ फेब्रुवारी
मिस्त्रीला हुकूम दिला, गज निम्मे. तो डोकं खाजवत म्हणाला, ताईंना विचारतो. मी विचारलं, इथे मालक कोण? त्याने आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं, मग हो म्हणाला.
संध्याकाळी मुलीचा निरोप. गज कमी केलेत तर बाळाला घेऊन त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, दुसरीकडे जागा बघेन. असल्या धमक्यांना मी भीक घालत नाही.
जेवण गेलं नाही. उकाड्यामुळे.

७ फेब्रुवारी
बोलून उपयोग नाही, करून दाखवायचं. अंगणात स्वतःच्या हाताने खांब ओतला. वीतभर रुंद, डोक्याच्या वर उंच, आत एकही गज नाही. ही म्हणाली, अहो, अंगणाच्या मधोमधच का? म्हटलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको? सदरा वाया गेला. दुसराही.

२८ फेब्रुवारी
खांबाला रोज पाणी मारलं. आज शिडी लावून वर वाळूची पोती ठेवली. हूं की चूं नाही! फोटो मुलीला पाठवला. तिचं उत्तर: सरळच दाबलंत ना? आता बाजूने ढकला.
परीक्षा मी घेतोय, प्रश्न तिने काढायचे नाहीत. पोती उतरवली. खांब पास.
पलीकडे मिस्त्रीचं काम चालू आहे. मी तिकडे फिरकत नाही. एकदा सांगितलं की विषय संपला.

४ मार्च, दुपार
खांब पडला.
हिने त्याला दोरी बांधून ओल्या रजया वाळत घातल्या होत्या. दोरी चांगली ताणून. खाली माळ्यावरून काढलेला पाळणा धुऊन उन्हात ठेवलेला. काडकन आवाज झाला, खांब बुडापासून मोडला आणि पाळण्यापासून हातभर अंतरावर आडवा झाला.
पाळणा रिकामा होता. तरी घाबरलो मी. इथे लिहितो, कारण हे कोणी वाचत नाही.
हिने पाळणा उचलून आत नेला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

४ मार्च, संध्याकाळ
कारणं शोधली. वाळूत माती होती. रजया जाड होत्या. दोरी इतकी ताणायची काय गरज होती? माझं म्हणणं मुळात बरोबरच आहे. तरीही उद्या मिस्त्रीला पूर्ण गज घालायला सांगणार. उभे केलेले खांब तोडावे लागले तरी चालेल. हार मानून नव्हे, मोठ्या मनाने.

५ मार्च
मिस्त्रीकडे गेलो. खाकरून घोषणा केली, खांब तोडा आणि ड्रॉइंगप्रमाणे पुन्हा भरा. तो बघतच राहिला. म्हणाला, सर, ड्रॉइंगप्रमाणेच भरलेत की. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सरांना हो म्हणा आणि ताई सांगतील तसं करा.
मी म्हटलं, माहीत होतं. तुमची परीक्षा घेत होतो.
दुपारी मुलीचा फोन. पुढच्या महिन्यात येतेय, बाळाला घेऊन, त्याच खोलीत. तारीख मी दोनदा विचारून घेतली. नोंदीसाठी. मग तिने विचारलं, अंगणात तुम्ही आणखी काही उभं केलं नाहीत ना? बाळ रांगायला लागलंय.
मी ठणकावून सांगितलं, अंगण माझं आहे, तिथे काय उभं राहील ते मीच ठरवणार.
फोन ठेवला. झाडू घेतला. काँक्रीटचे बारीक तुकडे मातीत फार खोल जातात. गुडघ्यांवर बसून हाताने वेचावे लागले.