बांगड्यांचा सीन

लालबाग, २२ जानेवारी १९५६

चि. जगदीश यास सुंदरामावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिकडे बर्फ पडतं म्हणतोस, तर मफलर बांधत जा. मोठा सिनेमावाला झालास तरी कान तेच आहेत.

इथलं कसं लिहू? मुंबईसाठी मोर्चे निघाले, गोळीबार झाला. तुझ्या काकांना गिरणीतून येताना मांडीत गोळी लागली. परळला इस्पितळात आहेत. गोळी काढली, पण जखम चिघळलीय, ताप हटत नाही.

जगू, हे कशानं झालं ते मला कळतंय. तुझ्या सिनेमात मी विधवा झाले. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. मंगळसूत्र तेवढं पदराखाली लपवलं. तुझे काका समोर उभे राहून हसत होते, म्हणत होते मी चांगला धडधाकट आहे, घाबरतेस काय! सवाष्णीनं असलं करावं का रे? मीच अक्कल गहाण ठेवली. तेवढा तुकडा कापून टाक. महोत्सवात तो कुणी बघू नये.

मावशीवर जीव आहे ना, मग एवढं ऐक.

तुझी मावशी सौ. सुंदरा

•

मुक्काम परदेश, २८ जानेवारी

ती. मावशीस जगदीशचा सा. न. वि. वि.

पत्र आत्ताच मिळालं. काका उठतील, धीर सोडू नकोस. पण मावशी, गोळी पोलिसांनी झाडली, तू नाही!

इथे दरसाल देशोदेशीचे सिनेमे येतात, परीक्षक बक्षिसं देतात. त्यात यंदा आपल्या चाळीत काढलेला सिनेमा आहे. तो सीन कापला तर उरतं काय? आठ फेब्रुवारीला आपला खेळ आहे. बक्षीस मिळालं तर पुढचा सिनेमा काढीन, नाहीतर दादरच्या स्टुडिओत पुन्हा दिवे उचलणं आहेच. तू काकांपाशी बस, त्यांना पेज भरव, हे मनातलं काढून टाक.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा जगू

•

लालबाग, २ फेब्रुवारी

ती. जगूदादास लीलेचा सा. न.

आईला न सांगता लिहितेय. तुझं पत्र तिनं वाचलं. दादा, ती बाबांपाशी बसतच नाही रे. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्यात. इस्पितळाच्या दारापर्यंत येते आणि तिथूनच मागे फिरते. म्हणते, ज्या हातांनी बांगड्या फोडल्या ते हात मी त्यांना लावणार नाही. बाबा रोज विचारतात, ती का येत नाही? मी सांगते घरी पाहुणे आहेत. या दिवसांत कसले पाहुणे!

ताप वाढतोय. मला फार भीती वाटते. तुला कापवत नसेल तर कापलं असं खोटंच कळव, पण तार कर. पाप लागलं तर मला लागू दे.

तुझी लहान बहीण लीला

•

मुक्काम परदेश, १२ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.

तार मिळाली असेलच. मावशी, खरंच कापलं. खेळाआधी यंत्राच्या खोलीत जाऊन मीच कात्री लावली. खोटं कळवायचं मनात आलं होतं, पण तुझ्याशी ते जमेना.

सिनेमा मध्येच अडखळला. एका परीक्षकानं विचारलं, नवरा मेला आणि ही बाई लगेच पाणी भरायला कशी जाते? काल बक्षिसं जाहीर झाली. आपलं नाव नाही. रडलो, लपवत नाही. तुझ्यावर चडफडलोही. पण काकांचा ताप उतरला का ते आधी कळव, मला दुसरं काही सुचत नाही.

तुझा जगू

•

लालबाग, १९ फेब्रुवारी

चि. जगदीश यास मावशीचे आशीर्वाद.

तुझे काका दहा तारखेला गेले. तार केली नाही. परक्या गावी तू एकटा, पाठीवरून हात फिरवायला कोण होतं?

तुझी तार आली तशी मी धावत गेले. मला बघून म्हणाले, रुसली होतीस काय गं? मी त्यांचं डोकं चेपलं, पेज भरवली, हात हातात घेऊन बसले. दोन दिवस मिळाले. तुझ्या बक्षिसाच्या बदली मिळाले, हे मी विसरणार नाही.

आणखी एक. तू तुकडा कापलास, तरी ते गेले. म्हणजे माझ्या हातांनी ते झालं नव्हतं. तू खोटं कळवलं असतंस आणि मला पुढे समजलं असतं, तर जन्मभर जळत राहिले असते रे.

तो तुकडा टाकला नसलास तर जोड. पुढल्या साली पाठव, जगाला दाखव. आता मी कुणासाठी भिऊ?

घरी ये. लीला वाट बघते, मीही बघते.

तुझी मावशी सुंदरा