धाकट्या जाऊच्या डब्यातली भुकटी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, मत्स्यपालनाच्या पाच तळ्यांची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी आजच दिला. तपासून दिला की नुसताच खरडला, हे मी त्यांना दोनदा विचारले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणारा मुलगा बाहेर बाकावर बसला आहे. यापूर्वीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर, पहिली तीन तळी, कपाट व बँकेतील ठेव मुलाला मिळावी. कपाटाची किल्ली वकिलांकडे मोहोरबंद पाकिटात आहे. मोहोर तुटलेली दिसल्यास आधी वकिलांनाच विचारावे.

२. तराजू कोणालाही द्यावा, खाद्यवाल्याला सोडून. त्याचा अंगठा कुठे टेकतो हे मी वीस वर्षे पाहत आले आहे.

३. शेवाळ टाक्यांत वाढवायचे, सावलीत सुकवून त्याची भुकटी करायची आणि ती माशांच्या खाद्यात मिसळायची, ही रीत मी बसवली. त्याने माशांची प्रतिकारशक्ती वाढते. मूळ शेवाळाची बरणी माझ्या खिडकीत आहे. ती कोणाला मिळावी, हे पुढील दोन कलमांत येईल. ती कलमे सर्वांसमक्ष, मोठ्याने वाचावीत. मुलगा मध्येच खोकू लागला तर थांबून पुन्हा सुरुवातीपासून वाचावे.

४. अकरा वर्षांपूर्वी खाद्यवाला आमच्यासारखीच हिरवी भुकटी विकू लागला. आमची भुकटी त्याला पोचवणारी माझी धाकटी जाऊच, असे मी मनाशी धरून बसले. चौथे आणि पाचवे तळे तिच्या हाताखाली होते. तिला पकडायला मी एक शक्कल काढली. उन्हात पडून पांढुरकी झालेली, दम गेलेली भुकटी तिच्या डब्यात भरली आणि चांगली कुलपात ठेवली. खाद्यवाल्याचा मालही फिका पडला, की चोर सापडला, असा माझा हिशेब.

त्याचा माल हिरवागारच राहिला. तो परगावाहून आणत होता. मी डबा बदलणार, तेवढ्यात रोगाची साथ आली. माझी तीन तळी तगली. जाऊच्या दोन्ही तळ्यांतले मासे अंगावर चट्टे येऊन वर तरंगले. शेवाळ म्हणजे काही औषध नव्हे, मासे कदाचित तसेही मेले असते, असे माशांचे डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी अकरा वर्षे उराशी धरले.

घरात सगळे म्हणाले, हिचा हात निष्काळजी. मी ऐकत राहिले. माझ्या नवऱ्याने तळी तिच्याकडून काढून घेतली. तेव्हापासून ती बर्फाच्या कारखान्यात पेट्या भरते. तिच्या बोटांना आता सुई धरवत नाही. ही माझी करणी आहे, तिची चूक नव्हे.

गेल्या सोमवारी ती मला बघायला आली, तेव्हा मी सगळे सांगून टाकले. ती माझी उशी सारखी करत होती. म्हणाली, "ताई, त्या भुकटीला वास नव्हता. डबा उघडला तेव्हाच कळलं होतं मला."

"मग घातलीस कशाला?"

"तुम्ही दिली होती ना."

मी विचारले, नंतर तरी का बोलली नाहीस? तिने उशीचा अभ्रा ओढून नीट केला. मग म्हणाली, "तुमच्यावर संशय घ्यायला मन झालं नाही."

५. सबब चौथे व पाचवे तळे, शेवाळाच्या सर्व टाक्या आणि मूळ शेवाळाची बरणी माझ्या धाकट्या जाऊला पूर्ण मालकी हक्काने मिळावी. ती नको म्हणेल. तिचे ऐकू नये.

ठिकाण: तिसऱ्या तळ्याकाठची खाद्याची खोली
दिनांक: १४ मार्च, दुपारी
सही: (थोरली जाऊ)

साक्षीदार १: जाळी विणणारा शेजारी. सही माझ्यासमोर केली.
साक्षीदार २: बँकेतील निवृत्त कारकून. माझ्यासमोर केली. ता. क. (थोरलीकडून): या साक्षीदारांवरही मी नजर ठेवून होते. शेजारी बसलेली धाकटी म्हणाली, ताई, पुरे आता, म्हणून मी खिडकीबाहेर पाहिले.