नमुना बॅग

३ मे, रविवार

अखेर न्याय मिळाला. सोळा तारखेच्या ट्रिपचं पॅकिंग माझ्याकडे आलं. तब्बल दोन वर्षांनी.

बायको एका अटीवर तयार झाली. या वेळी काही मागे राहिलं, तर पुन्हा म्हणून मी पॅकिंगकडे फिरकायचं नाही. गाडीत पुढच्या सीटवर बसायचं आणि पाण्याची बाटली सांभाळायची. ही अट तिने अण्णांसमोर (माझे वडील), तिच्या आईसमोर आणि दोन्ही मुलींसमोर घातली. मी हसून मान्य केली. ज्याने गोदामात अठरा वर्षं डिस्पॅच सांभाळला, ज्याच्या हाताखालून एकही खोका चुकीच्या पत्त्यावर गेला नाही, त्याला म्हणे बाटली! (एक गेला होता. पण त्या दिवशी पेन नीट चालत नव्हतं.)

मागच्या ट्रिपला मुलींच्या कपड्यांची बॅग जिन्यात राहिली आणि रद्दीचा गठ्ठा गाडीत गेला, हे खरं आहे. पण बॅग आणि रद्दी शेजारी शेजारी ठेवली कोणी, हे आजतागायत कोणी विचारलेलं नाही. मुली तीन दिवस माझे शर्ट घालून फिरल्या. फोटोत छानच दिसतात.

४ मे, सोमवार

गोदामातून हुकाचा वजनकाटा, लेबलं आणि टेपची दोन रिळं आणली. परत करणार आहे.

सिस्टीम तयार. सहा माणसं, सहा बॅगा, माणशी सात किलो. बॅगेवर नाव नाही, फक्त नंबर. एक मी, दोन बायको, तीन अण्णा, चार सासूबाई, पाच थोरली, सहा धाकटी. जे अनावश्यक ते काढून एका खोक्यात. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'येणार नाही'.

जेवताना सगळं समजावून सांगितलं. वीस मिनिटं. शेवटी म्हटलं, काही शंका? अण्णांनी विचारलं, भाजी उरली आहे का.

५ मे, मंगळवार

या लोकांना सांगून कळत नाही, दाखवावं लागतं. म्हणून माझी बॅग आजच भरली. अकरा दिवस आधी! कपडे गुंडाळून, मोजे बुटांत, स्वेटर तळाशी, दाढीचं सामान बाजूच्या कप्प्यात. सहा किलो नऊशे ग्रॅम. बाहेरच्या खोलीत शेल्फवर मांडली. येता-जाता दिसावी, काहीतरी शिकावं.

संध्याकाळी थोरली त्या बॅगेतून माझा टॉवेल उपसताना सापडली. तिला म्हणे तिचा सापडत नव्हता. ताबडतोब लाल लेबल लावलं: 'हात लावू नये'. सगळ्यांना उभं करून मोठ्याने वाचून दाखवलं. बायकोने विचारलं, कोणीच नाही? म्हटलं, कोणीच नाही. काहीही झालं तरी. अगदी आग लागली तरी.

७ मे, गुरुवार

धाकटीला असिस्टंट नेमलं. वय आठ, पण घरात एवढीच एक माझी. वही-पेन्सिल दिली. कोण बॅगेत काय घालतं यावर लक्ष ठेवायचं आणि मला येऊन सांगायचं. तिने विचारलं, म्हणजे चुगली का? म्हटलं, नाही, रिपोर्टिंग.

९ मे, शनिवार

पहिली तपासणी. निकाल धक्कादायक.

नंबर तीन: अण्णांचा रेडिओ. विटेएवढा आणि थापड मारल्याशिवाय लागत नाही. शिवाय दुसरा स्वेटर. एका माणसाला दोन स्वेटर कशाला? अंग एकच आहे. दोन्ही गोष्टी खोक्यात.

नंबर चार: सासूबाईंची उशी. अख्खी उशी! त्यांना अदबीने समजावलं की गेस्ट हाउसमध्ये उशा असतात. त्या म्हणाल्या, असतात हो जावईबापू, पण मान माझी असते. उशी खोक्यात. लोकरीचे मोजे आणि दोन शाली पण.

नंबर पाच: तीन जोड बूट. थोरली म्हणाली, बाबा, तुझ्यासारखं मला नाही राहता येत. हे कौतुक होतं की काय ते कळलं नाही. दोन जोड खोक्यात.

नंबर दोन: बायकोने बॅग उघडू दिली नाही. नुसती बघत राहिली. वजन सहा किलो. सोडून दिलं.

थंड हवेचं ठिकाण आहे, गारठा असतो, असं अण्णा दोनदा म्हणाले. मे महिन्यात! ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

११ मे, सोमवार

मी स्वयंपाकघरात गेलो की बोलणं थांबतं. आज चौघं ओट्याशी कुजबुजत होती. मला पाहून सासूबाईंनी एकदम हवापाण्याची चौकशी केली. घर माझं, ट्रिप माझी, पैसे माझे (निम्मे बायकोचे), आणि मीच परका.

असिस्टंटचा रिपोर्ट: 'सगळं ठीक.' सलग चौथ्या दिवशी सगळं ठीक. खोका मात्र हलका वाटतोय.

१२ मे, मंगळवार. ऑफिसातून आल्यावर

केसाने गळा कापला.

वजनकाट्याने चोर पकडला. नंबर सहाची बॅग शनिवारी साडेतीन किलो होती, आज पाच. उघडली. धाकटीच्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेला रेडिओ! माझी असिस्टंट. कुंपणच शेत खातंय.

उलटतपासणी घेतली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, आजोबांना रेडिओशिवाय झोप लागत नाही. मी म्हटलं, भावनांवर डिस्पॅच चालत नाही. अण्णा खुर्चीतून म्हणाले, पोरीला बोलू नकोस, मीच दिला. म्हणजे वडील सूत्रधार आणि लेक फितूर. मधल्या मध्ये मी.

धाकटीला कामावरून काढलं. वही-पेन्सिल परत घेतली. तिने पेन्सिलीला टोक करून दिलं. मला वाईट वाटलं नाही.

जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

१३ मे, बुधवार

खोका बंद केला. चारही बाजूंनी टेप, वरून आडवी-उभी. टेपचं एक रीळ संपलं. आता ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही.

सासूबाईंना सांगितलं, उशी आत आहे. त्या ठीक आहे म्हणाल्या आणि चहा विचारला. इतक्या सहज? काहीतरी शिजतंय. चहा घेतला.

१४ मे, गुरुवार

गाडी भरायचे नियम करून फ्रिजवर लावले.

एक: बॅगा उतरत्या क्रमाने. सहा आधी, एक शेवटी.

दोन: मी गाडीपाशी रजिस्टर घेऊन उभा राहणार. नग मोजणार.

तीन: मोजणी चालू असताना कोणीही बोलायचं नाही. मागच्या वेळी सगळे एकदम बोलले, म्हणून घोटाळा झाला. ज्याला काही सांगायचं असेल त्याने हात वर करायचा आणि मी 'बोला' म्हणेपर्यंत थांबायचं.

अण्णा म्हणाले, मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा.

१५ मे, शुक्रवार

सगळं सज्ज. बॅगा दारापाशी ओळीने. माझी शेल्फवर, डौलात. रजिस्टरमध्ये नंबर एकपुढे आजच बरोबरची खूण करून टाकली. ती बॅग दहा दिवस तयार आहे, तिचं काय तपासायचं?

उद्यानंतर बायकोला मान्य करावंच लागेल. मोठेपणाने घेईन. टोमणा एकच मारीन.

१६ मे, शनिवार. सकाळी ६.४०

गाडीत बसून लिहितोय. लोडिंग अकरा मिनिटांत. पिन पडली असती तरी ऐकू आली असती. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, कोणी गेलंय का घरात? म्हटलं, नाही, शिस्त आहे.

नग मोजले. सहा. बरोबर सहा! एक नग चादरीत गुंडाळलेला होता, बहुतेक पावसाची भीती म्हणून बायकोने केलं असेल. मे महिन्यात. पण नियमाप्रमाणे कोणी बोलायचं नव्हतं, म्हणून मीही विचारलं नाही.

धाकटी पूर्णवेळ हात वर करून उभी. बाथरूमला जायचं असणार. प्रवासाआधी जाऊन यावं हे मी लेखी दिलेलं आहे. आणि फितुरांना 'बोला' म्हणायची मला घाई नाही.

८.१५

पेट्रोल पंप. धाकटी अजून हात वर करून बसली आहे. आता दुसरा. खिडकीची जागा हवी असेल. बायकोला सांगितलं, लाड नकोत.

संध्याकाळी ५

विश्वासघात.

डिकी उघडली. दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि चादर. चादरीत खोका. खोक्यावर माझ्याच अक्षरात: 'येणार नाही'. आला होता.

नंबर एक कुठे आहे, मी विचारलं. कोणी बोलेना. मोजणी संपली आहे, बोला, असं सांगावं लागलं. मग अण्णा म्हणाले, शेल्फवर असेल.

का नाही आणली? तर थोरली म्हणाली, त्यावर लिहिलं होतं हात लावू नये. बायको म्हणाली, आग लागली तरी, असं म्हणाला होतास. वाटलं, ती तू स्वतः आणणार. पंधरा वर्षांच्या संसारात या लोकांनी माझी एकच सूचना पाळली. नेमकी ही. आणि बायको हसली नाही. हसली असती तर भांडता आलं असतं.

गारठा आहे. चांगलाच आहे.

१७ मे, रविवार

सद्य परिस्थिती. अंगात अण्णांचा दुसरा स्वेटर. पायात सासूबाईंचे लोकरीचे मोजे, गुलाबी. खांद्यावर शाल. गेस्ट हाउसच्या उशा म्हणजे विटा, मान धरली. सासूबाईंनी काही न बोलता स्वतःची उशी आणून दिली. घ्यायची नव्हती. घेतली. अण्णांच्या रेडिओला तीन थापडा माराव्या लागल्या, चौथी मी मारली. झोप छान लागली.

दुपारी धाकटीला बाजूला घेऊन विचारलं. बाकीच्यांचं सोड, तू तरी सांगायचंस. तुझ्या बापाला कोणी सांगत नाही गं.

ती म्हणाली, बाबा, मी हात वर केला होता.

म्हणाली, पंपापर्यंत उजवा केला. मग तो दुखायला लागला, म्हणून डावा. मग झोप आली.

तिचा खांदा चोळून दिला. कुठला ते विचारलं, तर म्हणाली, दोन्ही.

१८ मे, सोमवार

धाकटीची वही-पेन्सिल परत केली. बिनशर्त. बायकोने रजिस्टर मागून घेतलं. मी पण दिलं, बिनशर्त. रजिस्टर तिने धाकटीला देऊन टाकलं. नंबर एकपुढची बरोबरची खूण खोडायला मी रबर मागितलं, तर म्हणाली, राहू दे, आठवण.

१९ मे, मंगळवार. निघताना

बायकोने सगळ्यांच्या बॅगा पाऊण तासात भरल्या. लेबल नाही, काटा नाही, सगळे एकदम बोलतायत. धड सिस्टीम अशी नाहीच. काहीतरी राहणार, बघाच.

मी पुढच्या सीटवर. शब्दाचा पक्का आहे.

१० मिनिटांनी

गाडी सुरू झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ओरडणार होतो, पण नियम माझाच. हात वर केला. बायको पाठीमागे अण्णांची शाल नीट करत होती, सासूबाई उशी, थोरली कानात हेडफोन घालून. कोणाचं लक्ष नाही. फाटकापर्यंत हात वरच होता.

मग मागून धाकटी म्हणाली, बोल, बाबा.

पाण्याची बाटली खोलीत राहिली होती.