बाकी काही करू नका

९ एप्रिल

पान पिवळं पडलंय! खालून तिसरं. काल नव्हतं — किंवा काल होतं आणि मला दिसलं नाही. पाणी जास्त झालं की कमी? फ्रिजवर हिची चिठ्ठी आहे, पण तीत पिवळ्या पानाचं काही नाही. चिठ्ठी एवढीच: "वेलीला आठवड्यातून एकदा पाणी. बाकी काही करू नका. काही म्हणजे काही." शेवटच्या तीन शब्दांखाली दोन रेघा. हिनं चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, रेघा मारायची सवय कुठे जाणार?

"चार दिवस बहिणीकडे जाऊन येते," म्हणाली होती. आज चाळिसावा.

१० एप्रिल

पान गळलं. मी हात लावला नव्हता. शप्पथ!

११ एप्रिल

दातांच्या लॅबमध्ये लक्ष लागलं नाही. एका कवळीचा खालचा दात वरच्या जागी बसवत होतो, वेळेत ध्यानात आलं.

ही वेल आमच्याकडे सहा वर्षं आहे. होया म्हणतात. खिडकीतल्या कुंडीतून निघून पडद्याच्या दांडीवर चढून बसलीये. पानं जाड, प्लास्टिकची वाटावीत अशी. वर्षातून एकदा फुलते — बारीक चांदण्यांचे गुच्छ, अगदी मेणात कोरल्यासारखे. मेणातलं मला कळतं. एकतीस वर्षं मेणाचे दात कोरतोय. इतकी सफाई मला कधी जमली नाही, आणि हे मी हिला कधी बोललोही नाही.

आता लिहायलाच बसलोय तर ते भाषणाचंही लिहून टाकतो. शाळेत हिचा निरोपसमारंभ होता. हिनं आठवडाभर बसून भाषण लिहिलं. आदल्या दिवशी टेबलावर दिसलं, मी वाचलं. लांबलं होतं. पहिल्या दिवशी वर्गाबाहेर उभी राहून ही कशी थरथरत होती, आत जायच्या आधी दोनदा परत फिरली — सगळा परिच्छेद त्यावर! कशाला? मी लाल पेनानं काट मारली. चार वाक्यं सरळ केली. मदत म्हणूनच हो! हिनं व्यासपीठावर कागद उघडला तेव्हा तिला ते दिसलं. दोन मिनिटांत "धन्यवाद" म्हणून खाली बसली.

घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "जन्मभर मी पोरांच्या वह्या तपासल्या. तुम्ही मला तपासत होतात."

दुसऱ्या दिवशी गेली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल

वेल आज नीट केली. सुटीचा दिवस, घर खायला उठलं होतं. वेलीवर सहा ठिकाणी काड्या निघाल्या होत्या — बोडक्या, बोटाच्या पेराएवढ्या. ना पान ना काही. गेल्या वर्षीचं वाळलेलं असणार. आमच्याकडे साच्यात धातू ओतला की ज्या वाटेनं तो आत गेला त्या वाटेची दांडी दाताला चिकटून राहते. ती कापायची, घासायची, की दात तयार. बाहेर आलेली दांडी दिसली की माझा हात आपोआप कटरकडे जातो.

सहाही काड्या बुडापासून कापल्या. पांढरा चीक आला, कापसानं टिपला. आता कशी स्वच्छ दिसतेय!

ही आली की खूश होईल.

१४ एप्रिल

हिचा फोन. वेलीसाठीच.

"पाणी?"

"घातलं. मोजून."

"बाकी काही केलं नाहीत ना?"

"छे!"

का बोललो छे? चांगलंच केलं होतं ना, मग सांगायला काय झालं होतं?

१७ एप्रिल

लॅबमधून येताना नर्सरीत शिरलो. सहज विचारल्यासारखं विचारलं. नर्सरीवाल्यानं डोक्यालाच हात लावला. "काका, त्या काड्या म्हणजेच फुलांची जागा! दरवर्षी त्याच काडीवर गुच्छ येतो. काडी कापली की फूल गेलं. नवी यायची म्हणजे वर्ष, दोन वर्षं, तिच्या मनाला येईल तेव्हा."

आणखी म्हणाला, "आणि कळ्या धरल्या की कुंडीला धक्का लावायचा नाही. जरा जागा बदलली की रुसते. सगळ्या कळ्या टाकून देते."

"कुणी कापल्या?" म्हणाला. मी म्हटलं, शेजाऱ्यांनी.

घरी येऊन कचऱ्याचा डबा उपसला. कचरा कधीच गेला होता. आणि मिळाल्या असत्या तर काय करणार होतो — चिकटवणार?

२० एप्रिल

चिकटवणारच होतो. लॅब सुटल्यावर तासभर बसून मेणाची फुलं केली. बावीस चांदण्यांचा गुच्छ, मधे लाल ठिपका. हुबेहूब! फोटो काढून हिला पाठवायचा, "आली बघ" म्हणायचं.

फोटो काढला. बघत बसलो. मग गुच्छ वितळवला. फोटोही काढून टाकला.

मी इतका खालच्या थराला जाईन असं मला वाटलं नव्हतं.

२१ एप्रिल

सांगितलं. मीच फोन केला. एका दमात — सहा काड्या कापल्या, फुलं येणार नाहीत, खोटं बोललो.

मागे मेहुणीच्या घरातल्या नळाचा आवाज येत होता.

"का कापल्यात?"

"बाहेर आल्या होत्या."

"माझा तो परिच्छेदही बाहेर आला होता, नाही का?"

मी फ्रिजवरची चिठ्ठी पुन्हा वाचली.

"दहा मेला येते," म्हणाली. "वेल घेऊन जाते. इथे खिडकीत जागा करते तिला." वेल घेऊन जाते. 'मी परत येते' नाही म्हणाली.

२५ एप्रिल

सातवी आहे!

पडद्याच्या दांडीवर धूळ किती साचलीये ते बघायला स्टुलावर चढलो. मागे, भिंतीच्या बाजूला, एक काडी राहून गेलेली. खालून दिसत नव्हती म्हणून वाचली. आणि तिच्या टोकाला खसखशीएवढे हिरवे दाणे. कळ्या!

फोन हातात घेतला. नंबरही लावला. मग वाटलं, हे म्हणजे आमिष दाखवून बोलावणं झालं. ठेवला. धूळ पुसली नाही.

२८ एप्रिल

कळ्या वाटाण्याच्या निम्म्या झाल्या असतील. पण तोंड भिंतीकडे, सगळ्या अंधारात. कुंडी चतकोर फिरवली तर उजेडात येतील. नुसती चतकोर! हात शिवशिवतायत. नर्सरीवाल्याला काय, तो दिवसाला शंभर जणांना तेच सांगत असेल.

स्वयंपाकघरात जाऊन सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. थोडं बरं वाटलं. मग ते हिचे डबे आहेत हे आठवलं आणि परत होते तसे लावायला गेलो, तर कसे होते तेच आठवेना!

२ मे

नाही फिरवली.

६ मे

डॉक्टरांनी एक कवळी परत पाठवली. एकही दात इकडचा तिकडे नव्हता, मला अभिमान होता त्या कवळीचा. चिठ्ठीत लिहिलेलं — पेशंटची बायको म्हणते, हे आमच्या ह्यांचे दातच नाहीत, पुढचा दात वाकडा होता.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम दात वाकडा बसवला. तीनदा सरळ झाला. हाताला सवयच नाही.

९ मे

उद्या. सकाळपासून चार वेळा स्टुलावर चढून बघितलं. अठरा कळ्या, फुगीर, मिटलेल्या. उद्या कुंडी निघाली की गळतील सगळ्या. हिला खालून कळ्या दिसणारही नाहीत. सांगू? सांगितलं तर म्हणेल, मला थांबवायला निमित्त काढलंत. नाही सांगितलं तर सातवीही माझ्यामुळे जाईल.

जेवण गेलं नाही.

१० मे

आली. खाली टॅक्सी थांबवूनच आली होती. हातात एक छोटी बॅग आणि वेल गुंडाळायला जुनी चादर. ही वाळलीये जरा. चष्म्याची फ्रेम नवी. मला काही विचारलं नाही, सरळ खिडकीशी जाऊन चादर उघडली.

मी हात खिशात घातले. वेल तिची. न्यायची की नाही हे तिचं. मी आजवर इतकं बोललोय की निदान आज तरी गप्प बसावं — असं ठरवलं होतं.

दांडीवरून वेल सोडवायला ती स्टुलावर चढली. हात वर गेला आणि तिथेच थांबला. मान वळवून भिंतीकडच्या कळ्या बघितल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पंधरा दिवस."

"हलवली की गळतात, हेही माहीत होतं?"

"हो."

"मग मी चादर उघडली तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"वेल तुझी आहे," म्हटलं.

ती खाली उतरली. चादरीची घडी घातली — कोपऱ्याला कोपरा न जुळवता, नेहमीसारखी. "उमलेपर्यंत काही नेता येणार नाही," म्हणाली. "टॅक्सीवाल्याला जा म्हणून सांगा. तेवढं करा."

दोन-दोन पायऱ्या गाळत उतरलो. ह्या वयात!

१५ मे

ही आतल्या खोलीत झोपते. छोट्या बॅगेतूनच कपडे काढते, बॅगेतच ठेवते. उमलेपर्यंत, म्हणाली होती. मी रोज कळ्या उमलू नयेत म्हणतोय. असा माणूस मी.

१९ मे

उमलल्या. संध्याकाळी घरभर गोड वास. हिनं स्टुलावर उभी राहून बघितलं, मग खाली उतरून म्हणाली, "या, तुम्ही चढा." मी बघितलं. म्हटलं, "मेणात असं मला आजवर कधी जमलं नाही."

ही म्हणाली, "हे आधी नाही बोललात कधी."

भाषणाचा तो परिच्छेद तिला पाठ आहे. मी मागितला. तिनं जेवताना म्हणून दाखवला, पूर्ण. लांब होता. मी एका जागी बसून ऐकला, आणि तो संपू नये असं वाटलं. ती बॅग मात्र अजून दाराशीच आहे.

३ जून

शेवटचं फूल आज गळलं. बोडकी काडी उरली, ती तशीच राहील. संध्याकाळी बहिणीकडून हिची मोठी बॅग आली. कपडे हिनंच कपाटात लावले. सगळ्या घड्या वाकड्या. मी कपाटाचं दार लावून घेतलं.