खोली रिकामी हवी

प्रिय चुळबुळ्या,

तू फोन उचलणार नाहीस हे ठाऊक होतं, म्हणून हे पत्र तुझ्या बायकोच्या हातात देते आहे. तिला सांगितलंय, आधी त्याला काहीतरी खायला घाल आणि मग दे. रिकाम्या पोटी तू माझं ऐकत नाहीस, भरल्या पोटी निदान ऐकल्यासारखं करतोस. काल दवाखान्याच्या जिन्यात मी तुला जे बोलले ते मागे घ्यायला हे पत्र नाही. तूही काही कमी बोलला नाहीस. मी बाबांचा आवाज काढून घ्यायला टपले आहे म्हणालास, आणि तेही येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. मला ते फार लागलं. पण ते राहू दे. उद्या सकाळी मोठे डॉक्टर येतील तेव्हा त्यांना उत्तर हवंय, आवाज घेऊन जाणारं ऑपरेशन की किरणांचे उपचार. घशातली गाठ आणखी वाढली तर श्वास अडेल, आता थांबण्यात अर्थ नाही, हे त्यांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलंय.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं समजू नकोस. बस डेपोत जन्मभर गाड्यांची घोषणा करणारा माणूस, त्याचा आवाजच गेला तर मागे काय उरलं, असं तुला वाटतं. घरीसुद्धा ते साधं बोलत नसत. जेवायला हाक म्हणजे 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, वरण थंड होण्याच्या मार्गावर आहे.' तू एकदा मार चुकवायला पलंगाखाली लपला होतास. बाबांनी खोलीच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, 'एक मुलगा हरवला आहे, अंगात निळा शर्ट, पुढचा दात पडलेला, सापडल्यास मारण्यात येणार नाही.' तू खिदळतच बाहेर आलास. तो आवाज मला काय नकोसा झालाय? पण किरणांनी आवाज राहीलही आणि माणूस राहणार नाही, ही भीती माझ्या मनातून जात नाही. मला बाबा हवेत, मुके तर मुके. तुला ते बोलते हवेत, जितके दिवस मिळतील तितके. दोघांचंही प्रेमच आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही.

आणि मग आपण दोघांनी काय केलं? ठाण मांडलं. तू रजा टाकून बाबांच्या खोलीतल्या त्या खुर्चीत बसलास, मी खिडकीपाशी संगणक मांडीवर घेऊन. तू चहाला उठला नाहीस, कारण तेवढ्यात मी बाबांना पटवीन. मी अंघोळीला घरी गेले की केस ओले घेऊन धावत परत येत होते, कारण तेवढ्यात तू पटवशील. शिवाय आत्या, दोन्ही चुलतभाऊ, डेपोतले जुने चालक, एक आला की दुसरा निघायच्या आत तिसरा हजर. प्रत्येकजण पलंगापाशी वाकून विचारतो, कसं वाटतंय? बाबा अंगठा वर करतात. मग तो बाहेर जाऊन फोनवर सांगतो, छान आहेत, अंगठा दाखवला. आज सगळ्या नातेवाइकांकडे बाबांची एकच बातमी आहे, आणि ती आठवडाभर जुनी आहे.

आज दुपारी मला नाइलाजानं ऑफिसात जावं लागलं. मी उठले तेव्हा तुझा चेहरा कसा उजळला ते मी पाहिलं बरं का. तुला माहीतच आहे, धरणाची दारं चालवणाऱ्या संगणकाचं काम आमच्याकडे आहे. आमच्या गटाकडे त्यातला सगळ्यात आतला भाग, ज्याला कर्नल म्हणतात. (बाबा अजून विचारतात, 'तुझा कर्नल रिटायर कधी होणार?') प्रयोगशाळेत आम्ही एक प्लास्टिकची टाकी आणि पंप ठेवलाय. टाकी म्हणजे धरण समजायचं. आज पंप चालू होता, पडद्यावर टाकी अर्धी दिसत होती, आलेख सरळ, धोक्याचा दिवा विझलेला. आम्ही पाचसहा शहाणे पडद्याकडे बघत उभे होतो आणि माझे पाय ओले झाले. टाकी केव्हाच भरून वाहत होती. खरं धरण असतं तर खालच्या वस्तीत पाणी शिरलं असतं आणि इथे आम्ही सरळ रेषेकडे बघत मान डोलावत राहिलो असतो.

चूक काय होती ते सांगते, कंटाळू नकोस, आज तुझ्याशीच त्याचा संबंध आहे. पाण्याची पातळी संगणकात एका ठिकाणी, समज एका खोलीत, नोंदलेली असते. ती वाचणारे पुष्कळ असतात. पडद्याला हवी, आलेखाला हवी, धोक्याच्या दिव्याला हवी. वाचण्यानं काही बिघडत नाही, म्हणून त्या खोलीला जे कुलूप असतं ते कितीही वाचणाऱ्यांना एकदम आत सोडतं. नवी पातळी लिहिणारा मात्र एकच, आणि त्याला खोली पूर्ण रिकामी लागते. तो अर्धं लिहून झालेला असताना कोणी वाचलं, तर अर्धी जुनी, अर्धी नवी, भलतीच संख्या हाती लागेल. म्हणून वाचणारे आत असेपर्यंत तो दारात थांबतो. आमच्या कुलपाची गोची अशी की तो थांबलेला असताना नवे वाचणारे येतच राहिले. आत आधीच चारजण आहेत, मग पाचव्याला कशाला अडवा? चौघांतला एक बाहेर पडेपर्यंत सहावा आत. खोली कधी रिकामीच होत नव्हती. कोणी दांडगाई केली नाही, काही बंद पडलं नाही, कुठे तक्रार उमटली नाही. सगळे भराभर वाचत होते आणि सगळे जुनंच वाचत होते. ज्याच्याकडे खरी बातमी होती तो बिचारा दारात तिष्ठत होता. आम्ही इतके दिवस फक्त वाचणाऱ्यांना किती पटकन मिळतं एवढंच मोजत आलो, आणि त्या आकड्यांवर पाठ थोपटून घेत होतो.

लिहिणारा दारात आला की नवे वाचणारे बाहेरच थांबतील, एवढी दुरुस्ती करून, ओल्या चपलांनीच दवाखान्यात परत आले. लिफ्टजवळ बाबांच्या सिस्टर भेटल्या, त्या उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, 'तुमच्या घरातलं आहे, मी मध्ये पडणार नव्हते, पण उद्या शेवटचा दिवस आहे.' पहाटे त्या बाबांचा ताप बघायला जातात तेव्हा तू खुर्चीत झोपलेला असतोस. बाबा त्यांना रोज कुजबुजत सांगतात, 'मला डॉक्टरांशी एकट्यानं बोलायचंय. मुलं बाहेर गेली की बोलवा.' डॉक्टर येतात तेव्हा आपण दोघं पलंगाच्या दोन बाजूंना पहारेकऱ्यांसारखे उभे. सिस्टर बाबांकडे बघतात आणि बाबा मान हलवतात, आत्ता नको. तुम्हीच सांगा ना त्यांना बाहेर जायला, असं सिस्टरनी एकदा म्हणून पाहिलं. त्यावर बाबा म्हणाले, 'जो आधी उठेल त्याला वाटेल तो हरला. उठतील आपणहून.'

मी तिथेच बाकावर बसले. रडले, लपवत नाही. त्यांचा घसा आवळत चाललाय आणि ते आपली भांडणं उरकायची वाट बघतायत. डेपोत ते कधी गाड्यांच्या भोंग्यावर ओरडून घोषणा करत नसत. भोंगा थांबू द्यायचे, मग बोलायचे. आपण दोघं इतके दिवस त्या भोंग्यासारखे वाजतोय. त्यांचं उत्तर माझं की तुझं यावरून आपण जिन्यात एकमेकांचे गळे धरले, पण त्यांचं म्हणून काही उत्तर असेल हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. काय असेल ते मला माहीत नाही. सिस्टरनाही माहीत नाही. मी खोदून विचारायला गेले होते, त्यांनी मला गप्प केलं ते बरंच झालं.

आता मुद्द्यावर येते. उद्या सकाळी तू त्या खोलीत थांबू नकोस. मीही जाणार नाही. आत्याला सांगून झालंय, ती आधी रुसली, मग ऐकलं. चुलतभावांना, डेपोच्या मंडळींना, सगळ्यांना कळवलंय. तू तेवढा उरलास. रात्री मुक्कामाला जाशील तेव्हा बाबांना काही विचारू नकोस, काही सांगू नकोस, माझी चुगलीही करू नकोस, आणि उजाडताच बाहेर ये. मी दवाखान्याच्या फाटकात तुझी वाट बघत असेन, म्हणजे आपण दोघं एकदमच उठलो असं होईल आणि कोणी हरायला नको. डॉक्टर आत जातील, सिस्टर दार लावून घेतील आणि बाबा बोलतील. कदाचित तुझ्यासारखं बोलतील, आणि मला त्याची फार धास्ती वाटतेय. तरी ते म्हणतील ते मी ऐकणार आहे, तूही ऐक. लिफ्टजवळच्या बाकावर माझ्या शेजारी बस, नाही बोललास तरी चालेल. दार उघडलं की दोघं मिळून आत जाऊ आणि त्यांनी काय ठरवलं ते त्यांच्याच आवाजात ऐकू. ऐकायला एकदम दोघं गेले तर चालतं.

तुझीच,
भांडकुदळ ताई